बिनखुणेचा तागा

गद्रेसाहेबांनी कापडाला खालून करंगळी लावली आणि ती सरळ वर बाहेर आली.

“पाहिलंत, सातपुते? हे आपण बारा दिवसांनी महाराजांच्या हातात द्यायचं.”

मी त्या करंगळीकडे बघत राहिलो. गद्रेसाहेब निंबळगड सरकारी कापड गिरणीचे मॅनेजर. पुण्याचे, सज्जन, शिपायालासुद्धा अहो-जाहो करणारे. मी त्यांच्या हाताखाली नमुन्यांवर होतो, म्हणजे निघालेलं कापड तपासायचं आणि त्याचे नमुने राखायचे. वय सव्वीस. अंगात संस्थानानं दिलेला कोट आणि डोक्यात संस्थानानंच दिलेलं शिक्षण.

ही छत्तीस सालची गोष्ट. आमचे महाराज विलायत आणि जपान बघून आले ते डोक्यात कारखाने घेऊनच आले. तीन वर्षांत तेलाची गिरणी झाली, काड्यापेट्यांचा कारखाना झाला, कौलांची भट्टी झाली आणि शेवटी ही कापडाची गिरणी. सगळं सरकारी, सगळं हुकमानं. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. मुलींची शाळा त्यांनी काढली, गावात नळ त्यांनी आणले, आणि माझ्यासारख्या कोष्ट्याच्या पोराला कापडाचं शिक्षण घ्यायला मुंबईला त्यांनीच पाठवलं. फक्त त्यांना ‘नाही’ ऐकायची सवय नव्हती. तेलाच्या गिरणीच्या वेळी एका इंजिनिअरनं भर दरबारात “अजून तयार नाही, सरकार,” असं म्हटलं होतं. दिवेलागणीच्या आत त्याचं बिऱ्हाड संस्थानच्या हद्दीबाहेर पडलं. तेव्हापासून निंबळगडात सगळं वेळेवर तयार होत असे.

गिरणीचं कापड मात्र तयार होत नव्हतं. यंत्राच्या मागांना आम्ही साचे म्हणायचो. ते जुनेच विकत घेतलेले होते, पण खरं दुखणं हवेत होतं. निंबळगडची हवा कोरडी. पत्र्याच्या छपराखाली सूत तापायचं आणि पटापट तुटायचं. विणकरांच्या पेठेतले आमचे हातमाग जमिनीत खड्डा करून बसवलेले असत. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि त्या खड्ड्यातला ओलावा सुताला सांभाळून घेतो. गिरणी बांधताना हे मी बोललो होतो. फक्त फार हळू बोललो होतो.

“तुमचे बंधू अजून विणतात ना?” गद्रेसाहेबांनी दार लावून घेत विचारलं.

मी काय ते समजलो. महाराजांच्या वाढदिवसाच्या दरबारात गिरणीचा पहिला तागा नजर करायचा होता. तो दादाकडून हातमागावर विणून घ्यायचा आणि गिरणीचा म्हणून द्यायचा.

“पण साहेब, तो हुकूम?”

त्या हुकमाची कुजबुज गावभर होती. पेठेतले एकशेचाळीस हातमाग बंद करायचे, खड्डे बुजवायचे आणि सगळ्या विणकरांना गिरणीत घ्यायचं, असा मसुदा महाराजांच्या टेबलावर महिनाभर पडून होता. दिवाणसाहेबांनी कसाबसा थोपवला होता. आधी गिरणीचं कापड बघू या सरकार, हाताच्या तोडीचं निघालं तर मग सही करा, असं म्हणून.

“तेच सांगतोय,” गद्रेसाहेब म्हणाले. “कापड असं फाटकं दिलं तर गिरणी जाते, तीनशे माणसं घरी बसतात, आणि तुम्हीआम्ही हद्दीबाहेर. फार उत्तम दिलं तर तुमची पेठ जाते.”

“म्हणजे बेताचं हवं,” मी म्हणालो.

“बेताचं! अगदी बरोबर बोललात.”

केवढा शहाणा वाटलो होतो मी मला तेव्हा.

पाळी सुटल्यावर तसाच घरी गेलो. दादा मागावर होता. रामलिंग त्याचं नाव, पण पेठेत सगळे त्याला दादाच म्हणायचे. तापाच्या साथीत आईबाप आठवड्याच्या अंतरानं गेले तेव्हा मी सहा वर्षांचा, तो एकवीस वर्षांचा. गिरजावहिनी लग्न होऊन आली ती आल्या दिवसापासून माझी आईच होऊन बसली. त्या दोघांना मूल झालं नाही. जे काय होतं ते मी होतो.

“दादा, वीस वार विणायचंय. गिरणीच्या सुतात. बारा दिवसांत.”

“का? गिरणीला काय झालं?”

मी सगळं सांगितलं. वहिनी कोपऱ्यात रहाटावर सुताच्या कांड्या भरत होती, ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. “म्हंजे एवढी विलायती यंत्रं आनली आनि शेवटी गिरजीचा रहाटच लागला व्हय, भावजी?”

“आणि अजून एक आहे,” मी म्हणालो. “फार चांगलं विणायचं नाही.”

आडवा धागा नेणारा धोटा दादाच्या हातात तसाच राहिला. “म्हंजे?”

“मधे मधे विरळ. काठ जरा इकडंतिकडं. बघणाऱ्याला गिरणीचं वाटलं पाहिजे.”

“वाईट विणू म्हंतोस.”

“वाईट नव्हे रे, बेताचं.”

“सव्वीस वर्सं झाली मागावर बसतोय. बेताचं कसं विणत्यात ते मला कुनी शिकिवलं न्हाई.”

“मला इचारा की,” वहिनी म्हणाली. “लगीन झाल्यावर पैल्या वर्सी माझ्या कांड्यांवर ह्यांनी जे विणलं, ते बेताचंच हुतं.”

दादा हसला, पण माझं तोंड बघून गप्प झाला. मी त्याला मसुद्याबद्दल सांगितलं. हे कापड हाताच्या तोडीचं दिसलं तर माग जातील, म्हाताऱ्या बसाप्पांचा जाईल, सगळ्यांचा जाईल, तुझाही जाईल. त्यानं मागाच्या लाकडावर हात ठेवला. आमच्या आजोबांनी बसवलेला माग तो. हातांच्या जागी लाकूड खोलगट झालेलं.

“बरं,” तो म्हणाला. “आनि खूण?”

आमच्या पेठेत प्रत्येक घराची खूण असे. ताग्याच्या शेवटच्या चार बोटांत, काठालगत. कुणी एक निळा धागा घालायचा, कुणी एक आड टाका. आमच्या घरची खूण दिसायची नाही, बोटाला लागायची. दोन धागे पिळून घातलेले, एक सोडून पुन्हा दोन. आंधळ्यानंही हात फिरवून सांगावं, हे सातपुत्यांचं.

“खूण घालायची नाही, दादा.”

त्यानं मागावरच्या कापडाचा काठ चाचपला. मग म्हणाला, “बिनखुणेचा तागा ह्या घरातनं कदी गेला न्हाई, मुरारी.”

“एकदाच.”

“एकदाच,” तो म्हणाला, आणि पुन्हा मागाकडे वळला.

दोन दिवस उभ्या धाग्यांचा ताणा लावण्यात गेले. त्यानंतर मी रोज गिरणीतून येताना डोकावत होतो. सहाव्या दिवशी वहिनीनं मला दारातच गाठलं.

“आत जाऊन बगा तुमच्या दादाला. काल दोन हात विणलं. आज सकाळधरनं त्येच उसवत बसल्यात.”

दादा खड्ड्यात पाय सोडून एकेक आडवा धागा काढत होता. शेजारी कुरळलेल्या सुताचा ढीग पडला होता.

“हे काय?”

“हात ऐकत न्हाई रं,” तो म्हणाला. एखाद्या पोरानं चूक कबूल करावी तशी मान खाली घालून. “मुद्दाम ढिला ठोका मारतो. एक, दोन, तीन. चौथा आपसूक घट्ट बसतो. मग कापाड पट्टेरी दिसतंय. असलं सरकारांच्या अंगाला लावायचं?”

“लावायचं! तेच तर हवंय आपल्याला.”

“आनि चौंडाईला काय दावायचं?”

मला हे सुचलंच नव्हतं. पेठेतला रिवाज असा, की तागा मागावरून उतरला की आधी आमच्या कोष्ट्यांच्या देवीपुढं, चौंडेश्वरीपुढं ठेवायचा, तिथं त्याची घडी मोडायची, मगच तो बाजारात. चुकून बिघडलेलंसुद्धा ठेवायचं. चुकलं म्हणून तिच्यापुढं नाक घासायचं. पण मुद्दाम बिघडवलेलं कापड देवीपुढं कसं ठेवायचं, याला रिवाजात उत्तर नव्हतं.

“या खेपेला देवीला दाखवायचा नाही,” मी म्हणालो.

रहाट थांबला. वहिनीनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की जणू मी मुंबईहून काय काय शिकून आलो ते तिला आजच कळलं होतं.

“खूण न्हाई म्हनालास, बरं म्हनलं,” दादा हळूच म्हणाला. “आता देवी बी न्हाई. मग ह्यात माजं काय ऱ्हायलं?”

त्या वेळी मी खाली बसायला हवं होतं. त्याच्याशेजारी खड्ड्याच्या काठावर बसून सगळं पुन्हा समजावून सांगायला हवं होतं. पण मला गद्रेसाहेबांनी बोलावलं होतं आणि मी चिडलो होतो. “तुला काय करायचं ते कर, पण बेताचं कर,” असं म्हणून मी निघून आलो. पुढचे पाच दिवस घरी फिरकलो नाही. गिरणीतच जेवलो, गिरणीतच झोपलो.

वाढदिवसाच्या सकाळी दादानं धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेला तागा गिरणीच्या दारात आणून दिला. “दावला चौंडाईला,” एवढंच म्हणाला आणि गेला. दाढी वाढली होती त्याची.

गद्रेसाहेबांच्या टेबलावर फडकं सोडलं आणि आम्ही दोघंही उभे राहिलो.

खरं सांगतो, मला आधी भीती नाही वाटली. आधी अभिमान वाटला. तेच आमचं गिरणीचं सूत, निम्मं तुटकं, गाठीगाठीचं. त्याचं त्यानं असं कापड केलं होतं, की हात ठेवला तर हात घसरावा. काठ दोरीनं आखल्यासारखा. वीस वारांत एक ठोका ढिला नाही. आयुष्यभरात त्यानं इतकं चांगलं विणलेलं मी पाहिलं नव्हतं. शेवटची चार बोटं चाचपली. खूण नव्हती. तेवढं मात्र त्यानं माझं ऐकलं होतं.

“अहो, हे काय करून ठेवलं तुमच्या बंधूंनी!” गद्रेसाहेब म्हणाले. बाहेर मोटार येऊन उभी होती. त्यांनी टेबलावरची सुई उचलली. “इथं तिथं चार धागे ओढू. दोन ठिकाणी विरवू. अजून वेळ आहे.”

सुई कापडाला टेकली आणि मी त्यांचा हात धरला.

कोष्ट्याचा पोर होतो. एरवी ज्यांच्यापुढं खुर्चीवर बसायची माझी हिंमत नव्हती, त्यांचं मनगट मी धरून ठेवलं होतं.

“नको, साहेब.”

“सातपुते, तुमचीच पेठ आहे.”

“ठाऊक आहे. पण नको.”

गद्रेसाहेबांनी सुई ठेवून दिली. पेठेचं काय व्हायचं ते तिथं झालं. पुढं दरबारात त्यावर फक्त तारीख पडली.

महाराजांनी तागा स्वतः उलगडला. अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून काठावरून फिरवला. त्यांचा चेहरा लहान पोरासारखा फुलला.

“कोणी तपासलं हे?”

गद्रेसाहेबांनी मला पुढं केलं. मी मुजरा केला.

“सातपुते ना तू? मुंबईला पाठवला होता तुला.” त्यांना सगळ्यांची नावं आठवायची. “आपल्या गिरणीचं?”

“होय, सरकार.”

“साच्यावरचं?”

“होय, सरकार.”

महाराज दिवाणांकडे वळले. “आता बोला, दिवाणसाहेब. हाताच्या तोडीचं नाही म्हणत होतात. बोलवा पेठेच्या शेट्यांना. त्यांनाच विचारू.”

पेठेचे शेटे, म्हणजे सगळ्या विणकरांचे म्होरके, बसाप्पा, सत्तरी ओलांडलेले. पागोटं सावरत पुढं आले. त्यांनी ताग्यावर तळहात फिरवला, टोक हातात घेतलं आणि शेवटची चार बोटं चाचपली. बोटं तिथं थांबली. खूण सापडली नाही. पण पेठेत हात ओळखायला खूण कशाला लागते? ती लागायची परक्या गिऱ्हाइकाला. बसाप्पांनी मान वर केली आणि थेट माझ्याकडं बघितलं. मागं पेठेची दहाबारा माणसं उभी होती, त्यांच्या शेवटी दादा. म्हातारा नुसतं “हे रामलिंगाचं,” म्हणाला असता तरी एकशेचाळीस माग वाचले असते. आणि भर दरबारात महाराजांना फसवल्याबद्दल आम्ही दोघे भाऊ तुरुंगात गेलो असतो.

“काय, शेटे? पेठेत निघेल असं?”

“चांगलं हाय, सरकार,” बसाप्पा म्हणाले. “लई चांगलं हाय.” त्यांनी टोक सोडून दिलं.

महाराजांनी तिथंच सही केली. चांगल्या मनानं केली, हेच वाईट. भाषण केलं त्यात म्हणाले, की पाडव्यापासून माझ्या राज्यातल्या एकाही बाईचा जन्म रहाटापुढं वाकून जाणार नाही, एकाही माणसाचे पाय खड्ड्यात कुजणार नाहीत. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेठेच्या माणसांनीही वाजवल्या.

पाडव्याच्या दिवशी सरकारी माणसं माती घेऊन पेठेत आली. आमच्या घरी त्यांना काही करावं लागलं नाही. दादानं सकाळीच ताणा कापला होता, माग सोडवून भिंतीला उभा केला होता आणि खड्डा स्वतःच्या हातानं बुजवत होता. मी पाटी उचलायला गेलो.

“ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “कोट मळंल.”

टोमणा नव्हता तो. खरंच माझा कोट मळेल म्हणून म्हणाला. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

वहिनीनं वर शेणानं सारवलं. बसाप्पा त्यानंतर पंधरा दिवसांत गेले. म्हातारे होते, जायचेच होते, असं सगळे माझ्यापुढं म्हणायचे.

दादाला गिरणीत सतरा नंबरचा साचा मिळाला. वैशाख लागला आणि पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं झालं. सूत तुटायचं, तो गाठ मारायचा, पुन्हा तुटायचं. यंत्राचा ठोका त्याच्या हातात नव्हता. ढिला पडायचा तिथं ढिला पडायचा आणि आदळायचा तिथं आदळायचा. ज्या माणसाला बेताचं विणता येत नव्हतं तो आता रोज दहा तास बेताचं विणत होता. आणि प्रत्येक साच्याच्या डोक्यावर, महाराजांच्या हुकमानं, वाढदिवसाच्या त्या ताग्यातला वीतभर तुकडा चौकटीत लावला होता. ‘असे कापड निघाले पाहिजे.’ ते तुकडे कापून चौकटीत लावायचं काम अर्थात माझं होतं.

एके दिवशी दुपारी महाराज न कळवता आले. मी मागं नमुन्यांची पेटी घेऊन चालत होतो. एकेक साचा बघत ते सतरा नंबरपाशी थांबले. कापडात बोटभर भोक होतं.

“हे काय?”

“सूत तुटतंया, सरकार,” दादा म्हणाला. खाली वाकून त्यानं साचा थांबवला.

“सूत तेच आहे.” महाराजांनी हात मागं केला. मी पेटीतून मूळ तागा काढून त्यांच्या हातावर ठेवला. रागावले नव्हते ते. उलट खांद्यावर हात ठेवून, शिकवणाऱ्या मास्तरसारखे बोलले. “हे बघ. हात लाव, घाबरू नको. याच गिरणीत, याच सुतात, तुझ्यासारख्याच माणसानं विणलंय. त्याला जमलं, मग तुला का नाही?”

दादानं धोतराला हात पुसले आणि तागा हातात घेतला. चार महिन्यांनी तो त्याच्या हातात येत होता. अंगठा काठावरून सरकत सरकत टोकापर्यंत गेला, आणि जिथं खूण असायची तिथं थांबला.

“हात चांगला हाय,” तो म्हणाला.

“कोणाचा आहे?” महाराज माझ्याकडं वळले. “सातपुते, कोणी विणलं होतं हे? त्याला बोलव. तो शिकवील सगळ्यांना.”

गद्रेसाहेब छताकडं बघत होते. साच्यांचा आवाज भोवती चालूच होता. आता सांगावं, असं मनात आलं. देवाशपथ आलं. सांगितलं असतं तर कदाचित महाराजांना पटलं असतं, कदाचित पेठेतले खड्डे पुन्हा उकरले असते. मी तोंड उघडलंही.

दादानं माझ्याकडं बघितलं. लहानपणी मला मास्तर मारायला लागला की मधे पडायचा, त्याच नजरेनं.

“त्यो न्हाई आता, सरकार,” तो म्हणाला.

“नाही म्हणजे?”

“गेला. पाडव्याला.”

“अरेरे.” महाराजांनी तागा हळूच घडी करून माझ्याकडं दिला. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. “गुणी माणूस होता. आणि मला कोणी कळवलं नाही? बायको आहे त्याची?”

दादा वाकून तुटलेला धागा शोधायला लागला.

“आहे, सरकार,” गद्रेसाहेब घाईघाईनं म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले असावेत.

“तिला माझ्याकडून लुगडं पाठवा. सातपुते, तू स्वतः नेऊन दे. आणि पोचलं की वाड्यावर वर्दी दे.”

वाड्याच्या कोठीवर विधवा बाईसाठी म्हटल्यावर तिथल्या माणसानं बिनकाठाचं पांढरं लुगडं काढून दिलं. ते घेऊन मी उन्हात चालत घरी आलो. दादा अजून पाळीवर होता. वहिनी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या.

“काय आनलं, भावजी?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं. महाराज काय म्हणाले, दादा काय म्हणाला. ती निवडायची थांबली नाही. सांगून झाल्यावर सूप बाजूला ठेवलं आणि पांढऱ्या लुगड्याकडं बघितलं, पण हात लावला नाही.

“ह्ये मी घेतलं तर त्ये खरं हुईल,” ती म्हणाली. “जित्या मानसाचं लुगडं आनलंत, भावजी. तुमाला आनवलं तरी कसं?”

“हुकूम आहे, वहिनी.”

“हुकूम हाय, आनि खूण घालायची न्हाई, आनि देवीला दावायचं न्हाई.” तिचा आवाज चढला नाही. “मी तुमाला घास भरवून वाढिवलं. कंदी काय मागितलं न्हाई. आज मागते. ह्ये परत न्या आनि सांगा सरकारास्नी, हिचा नवरा हाय म्हनावं. सतरा नंबरला हुबा हाय. एवडंच सांगा. बाकी काय बी सांगू नगा.”

मी लुगडं काखेत मारलं आणि निघालो. वाड्यापर्यंतचा रस्ता अर्ध्या तासाचा. त्या अर्ध्या तासात मी ते वाक्य शंभरदा म्हटलं. हिचा नवरा आहे, सरकार. सतरा नंबरला उभा आहे. चढावर दम लागला तेव्हाही म्हणत होतो.

देवडीवरच्या पहारेकऱ्यानं मला ओळखलं. “काय काम काढलं, सातपुते?”

सावलीत उभं राहून मी घाम पुसला. आत कुठंतरी महाराज कुणाशी तरी मोठ्यानं हसत होते.

“काही नाही,” मी म्हणालो. “लुगडं पोचलं म्हणून सरकारांना सांगा.”